घरची गाडी आणि तिचीं पूर्वरूपें

वाहन घेतांना घरांत जितकी चर्चा होते, तितकी तें घेतल्यानंतर पुढल्या दहा वर्षांत मिळूनहि होत नाहीं. रंग कोणता असावा, छताला कांच असावी कीं नसावी, पुढल्या पडद्यावर नकाशा दिसतो कीं नाहीं, यांवर सारें घर पंधरा पंधरा दिवस बोलतें. मग पेढे वाटले जातात, चाकाखालीं लिंबू चिरडलें जातें, आणि वाहनाचा विषय जो मिटतो तो तें रस्त्यांत बंद पडेपर्यंत पुन्हां निघत नाहीं. गेल्या कांहीं महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून आम्हांस जीं पत्रें आलीं, त्यांतील पांच-सहांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आहे. लहान एसयूव्ही घेतली, तिला सहा-सात वर्षें झालीं, आतां ती ठेवावी कीं काढावी? बार्शीहून आलेलें पत्र तर तिघां भावांच्या सह्यांचें आहे. दोघे ठेवा म्हणतात, धाकटा काढा म्हणतो, आणि आम्हीं पंच व्हावें अशी तिघांची एकमुखी विनंती आहे. एवढ्या एका गोष्टींत तरी त्यांचें एकमत आहे हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

निवाडा देऊं, परंतु आधीं निदान. आपल्या वैद्यकांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीं दिसणारी अस्फुट खूण. रूप म्हणजे उघड लक्षण. उपशय म्हणजे कशानें उतार पडतो तें. आणि संप्राप्ति म्हणजे रोग कसकसा वाढत गेला तो क्रम. मोटारीच्या बाबतींत आपलें सारें लक्ष तिसऱ्या साधनावर असतें. दिवा पेटला, आवाज आला, धूर निघाला, कीं गॅरेज. पूर्वरूपाकडे कोणी पाहत नाहीं. आणि स्वस्त, लहान गाडीचें आयुष्य बहुधा तेथेंच ठरतें.

प्रथम ही जात कोणती तें सांगितलें पाहिजे, कारण तिचे कांहीं दोष तिच्या जन्मकथेंतच आहेत. सन २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. लहान कोणतीस म्हणावें याची व्याख्याहि ठरली : लांबी ४ मीटरांच्या आंत, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचें असल्यास १५०० पर्यंत. हीच मर्यादा पुढें वस्तु व सेवा करांत कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेंत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के आणि न बसणारीवर ४० टक्के कर आहे. इकडे लोकांना तर उंच, रुबाबदार आणि खड्ड्यांतून सुखानें जाणारें वाहन पाहिजे. कारखानदारानें मग लांबी छाटली, उंची वाढविली, आणि लहानशा इंजिनाला टर्बो जोडून त्याच्याकडून मोठ्या इंजिनाचें काम करवून घेतलें. यंत्रशास्त्रज्ञाच्या मेजावर जितकी ही गाडी घडली, तितकीच ती करखात्याच्या मेजावरहि घडली आहे.

भारतांतील या वर्गाची अगदीं आरंभीची गाडी आपल्या महाराष्ट्रांत, पिंपरी-चिंचवडकडे तयार झाली : प्रीमियर कंपनीची रिओ, सन २००९. त्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ सालीं सोलापुरांत जन्मले, म्हणून हा उल्लेख आमच्या जिल्ह्याच्या वाचकांस रुचेल. रिओ मात्र चालली नाहीं. खरी चलती झाली ती २०१३ च्या फोर्ड इकोस्पोर्टपासून. पाठोपाठ २०१६ त मारुतीची व्हिटारा ब्रेझा, २०१७ त टाटांची नेक्सॉन, २०१९ त महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० आली. यांपैकीं नेक्सॉन पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवची, आणि एक्सयूव्ही ३०० नाशिकची. डिसेंबर २०१८ मध्यें नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणींत पांच तारे मिळाले. भारतांत बनलेल्या गाडीस हा मान प्रथमच मिळाला होता. तेव्हांपासून आपल्याकडील गिऱ्हाईक पत्र्याच्या जाडीविषयीं फार बोलूं लागलें. टिकाऊपणाविषयीं मात्र अजून तितकें बोलत नाहीं.

या गाड्यांविषयीं आमच्या कानीं येणारी पहिली तक्रार थरथरीची असते. वर सांगितलेल्या नेक्सॉन व एक्सयूव्ही ३०० यांचें पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरांचें आहे. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदां पेट घेतो. चार सिलिंडर असले तर फेरीला दोन पेट होतात, तीन असले तर दीड. त्यामुळें गाडी उभी असतां त्या धक्क्यांमधील अंतर हाताला जाणवतें. ही प्रकृति आहे, विकृति नव्हे. तिच्यावर औषध करूं नये. परंतु जी थरथर पहिल्या वर्षीं नुसती चाकाला होती ती पांचव्या वर्षीं खुर्चीला व आरशाला येऊं लागली, तर मात्र इंजिन ज्या रबरी उशांवर बसविलेलें असतें त्या थकल्या असें समजावें. त्या बदलतां येतात व खर्चहि बेताचा असतो. फरक ओळखण्यास यंत्र लागत नाहीं; गाडी पूर्वीं कशी होती याची आठवण असली म्हणजे झालें. आणि नेमकी तीच घरांत कोणाला नसते.

टर्बो हें दुसरें नाजूक इंद्रिय. त्याचें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें आणि त्याला वंगण व थंडावा पुरविण्याचें काम मुख्यत्वें इंजिनाचेंच तेल करतें. म्हणून अशा गाडींत तेल बदलण्याची तारीख पुढें ढकलणें हें साध्या इंजिनाच्या गाडीपेक्षां फार महाग पडतें. चढ चढून किंवा वेगानें येऊन गाडी थांबविल्यावर मिनिटभर इंजिन तसेंच चालूं द्यावें, मग किल्ली फिरवावी. एवढी शिस्त लावली तर टर्बो गाडीच्या जन्मापर्यंत पुरतो.

आतां स्थानविचार. आम्ही होटगीस राहतों. मुंबईहून चेन्नईस जाणाऱ्या लोहमार्गास विजापूर-गदगचा फांटा येथें फुटतो. आसपास सिमेंटचे कारखाने, त्यांच्या अवजड ट्रकांची अहोरात्र वर्दळ, भोंवतीं काळें रान, आणि वैशाखांत पारा ४४ अंशांकडे जाणारा. पुस्तिकेंत ज्यास 'कठीण परिस्थितींतील वापर' म्हणतात, तो आमच्याकडे रोजचाच वापर आहे. पुस्तिकेंत हवेच्या गाळणीला जी मुदत दिलेली असते तिच्या निम्म्यांतच येथील गाळणी करड्या भुकटीनें भरते. ती भरली कीं इंजिनाचा दम कोंडतो, मायलेज उतरतें, आणि मालक पेट्रोलपंपवाल्यावर संशय घेतो. एअर कंडिशनर नीट थंड करीत नाहीं ही जी उन्हाळ्यांतली हमखास तक्रार, तिच्यांतहि पुष्कळदां वायु कमी झालेला नसतो. बोनेटच्या पुढें असलेल्या कंडेन्सरच्या जाळींत धूळ आणि किडे बसलेले असतात. वायु भरण्याचे पैसे देण्यापूर्वीं ती जाळी मंद धारेनें धुऊन पाहावी. जोराची धार मारूं नये, तिचे पत्रे कागदासारखे वांकतात. छताला सरकती कांच असलेल्या गाडींत कोपऱ्यांतून पाणी जाण्यासाठीं बारीक नळ्या असतात. त्या धुळीनें तुंबल्या म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसांत आंतल्या दिव्यांतून पाणी ठिबकतें, आणि गिऱ्हाईक कारखान्यास शिव्या देतें. बॅटरी थंडींत मरते अशी समजूत आहे. खरें तर उन्हाळा तिला आंतून खातो, आणि थंडींतली सकाळ तें फक्त उघडकीस आणते. आमच्याकडे तीन-चार वर्षें गेलीं म्हणजे ती पुरी वसूल झाली समजावें.

उंदरांचाहि येथें उल्लेख करावयास हवा, यास कोणी हंसूं नये. कापणी झाली कीं शिवारांतले उंदीर गाडीच्या ऊबदार बोनेटखालीं बिऱ्हाड करतात आणि तारा कुरतडतात. दिसण्यांत दोष विजेचा, मूळ कारण भुकेचें. गाडी गवताच्या गंजीजवळ व धान्याच्या कोठीजवळ उभी करूं नये, आणि आठवड्यांतून दोनदां बोनेट उघडून आंत उजेड पाडावा.

येथवर जें सांगितलें तें धुळीचें, उन्हाचें व वयाचें झालें. याहून विचित्र असा एक दोष आहे, जो गाडी फार वापरल्यानें नव्हे तर फार जपल्यानें होतो. आणि आपल्या मध्यम स्थितींतल्या, काटकसरी घरांत तो हटकून आढळतो. १ एप्रिल २०२० पासून देशांत 'भारत स्टेज सहा' हा धुराचा नियम लागू झाला. त्यामुळें त्यानंतरच्या डिझेल गाडीच्या धुराड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. काजळी सांचत जाते. ती जाळून टाकण्यास गाळणींत सुमारें ६०० अंशांची उष्णता यावी लागते. आणि तशी उष्णता येण्यास गाडी मोकळ्या रस्त्यावर, बऱ्यापैकीं वेगानें पंधरा-वीस मिनिटें सलग चालावी लागते. जठराग्नि प्रदीप्त झाल्यावांचून अन्न पचत नाहीं, तसाच हा प्रकार.

आमच्या घरची गाडी डिझेलची, २०२० च्या उत्तरार्धांतली. तिच्या कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण हा प्रकार त्या नियमानंतरच्या कोणत्याहि डिझेल गाडीस होऊं शकतो. आमचे वडील बंधु काटकसरी. गाडी जपून वापरावी, हा त्यांचा घरांतला दंडक. जंक्शन दारांत असल्यानें पुण्या-मुंबईस जावयाचें तर रेल्वे. गाडी जावयाची ती पाहुण्यांस स्टेशनावरून आणण्यास, नातवंडांस शाळेंत पोंचविण्यास आणि बाजारांत. फेरी दोन-तीन किलोमीटरांची. इंजिन तापतें न तापतें तोंच बंद. तिसऱ्या वर्षीं एका सकाळीं पिवळा दिवा लागला. ज्या कार्यशाळेंत नेली, तेथें गाळणी समूळ बदलावी लागेल असें सांगून एक आंकडा लिहून दिला गेला. तो वाचून वडील बंधूंनीं चष्मा काढला, पुसला, पुन्हां लावला. आंकडा तोच होता.

पैसे भरण्यापूर्वीं गाडी गांवांतल्या एका जुन्या मिस्त्रींस दाखवावी असें पुतण्यानें सुचविलें. मिस्त्रींनीं बोनेट उघडण्याआधीं एकच प्रश्न केला : गाडी याआधीं गांवाबाहेर केव्हां नेली होती? घरांत नऊ माणसें. कोणास सांगतां येईना. मग त्यांनीं तेल मोजण्याची पट्टी ओढून काढली. तेल खुणेच्या वर चढलेलें होतें, आणि त्यास डिझेलचा वास येत होता. तेल कमी होणें आम्ही ऐकून होतों; वाढणें ही गोष्ट नवी होती. त्यांनीं उलगडा केला तो असा. गाळणी तापविण्यासाठीं इंजिन आपण होऊन थोडें जादा डिझेल सोडतें. तेवढ्यांत गाडी बंद केली तर तें डिझेल जळत नाहीं. त्यांतलें कांहीं पाझरून तेलांत उतरतें. असें पन्नास वेळां झालें म्हणजे तेल पातळ होतें, पातळ तेलानें टर्बो व बेअरिंगें झिजतात, आणि मालकास वाटतें कीं आपण गाडी जपली. पूर्वरूप तें हेंच. दिवा लागण्याच्या किती तरी आधीं पट्टीवर तें लिहिलेलें होतें; पट्टी ओढणारें मात्र कोणी नव्हतें.

मिस्त्रींनीं संगणकावर काजळीचें मान तपासलें, तें अजून हाताबाहेर गेलेलें नव्हतें. तेल व तेलाची गाळणी बदलून त्यांनीं गाडी विजापूर रस्त्यानें भीमेच्या पुलापर्यंत नेली आणि आणली. परततांना दिवा गेलेला होता. तर्कशास्त्रांतला अन्वय-व्यतिरेक आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचित् पाहिलें. लांब फेरी असते तेथें दिवा नसतो, लांब फेरी नसते तेथें दिवा असतो. आतां दर पंधरवड्यास एका गुरुवारीं गाडी अक्कलकोटास जाते. स्वामींचें दर्शन होतें आणि काजळी जळते. वडील बंधूंनीं या खर्चास धर्मकृत्यांत धरलें आहे.

मात्र कोणाहि वाचकानें हें वाचून दिवा लागतांच गाडी महामार्गावर पिटाळूं नये. दिवा लुकलुकूं लागला असेल, किंवा गाडी वेगच घेईनाशी झाली असेल, तर काजळी मर्यादेपलीकडे गेली असें समजून ती सरळ जाणकाराकडे न्यावी. कांहीं ठिकाणीं गाळणी कापूनच टाकण्याचा सल्ला मिळतो. तो बेकायदा आहे, आणि ती काजळी मग आपल्याच गल्लींतल्या मुलांच्या छातींत जाते. ज्यांचा रोजचा वापर गांवांतल्या गांवांत आहे त्यांनीं डिझेल गाडी घेऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. लिटरमागें वांचणारे पैसे या एका दिव्यांत जातात.

पेट्रोल गाडीच्या मालकांची हल्लींची चिंता इथेनॉलची. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. ज्या उसावर गांवें जगतात त्याच्याच मळीचें व रसाचें इथेनॉल आतां पेट्रोलमध्यें २० टक्के मिसळलेलें असतें. म्हणून येथें याविषयीं बोलतांना माणसें जरा जपून बोलतात! इथेनॉलमध्यें लिटरमागें उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांशानें कमी. तेव्हां २० टक्के मिश्रणांत सहा-सात टक्के शक्ति कमी भरते. मायलेज तेवढ्याच्या आसपास उतरलें तर तो गाडीचा रोग नव्हे. त्याहून बरेंच अधिक उतरलें तर अन्य कारण शोधावें. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे इंधनास लागणारे भाग या मिश्रणास टिकतील असे केलेले आहेत. त्यापूर्वींची गाडी असल्यास दर सर्व्हिसिंगच्या वेळीं इंधनाच्या रबरी नळ्या व जोड पाहण्यास मुद्दाम सांगावें. इथेनॉल पाणी ओढून घेतें, म्हणून टाकींत थोडेंसें पेट्रोल ठेवून गाडी महिनेच्या महिने उभी करूं नये. येथेंहि पुन्हां तोच न्याय : उभी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे.

बाकीच्या तक्रारी झटपट सांगतों. पुढल्या चाकांकडून खडखड येते ती बहुधा लिंक रॉड, बुश अथवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या रबराची. ४०-५० हजार किलोमीटरांनंतर ती या उंच गाड्यांत येणारच, आणि भाग स्वस्त असतात. क्लच लवकर जातो तो बहुतेक पाय त्यावर टेकवून चालविण्याच्या संवयीनें. एका घरांत चार चालविणारे असले तर त्यांतील एकाचा पाय असा असतोच. पडदा मध्येंच गोठतो, फोनशीं बोलेनासा होतो; हा त्रास खरा आहे, पण तो संगणकाचा आहे, गाडीचा नव्हे, आणि बहुधा नवी प्रणाली भरून मिटतो. आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं, तरुण मंडळी गाडी विकावयास निघते ती पडद्यामुळें, आणि वडीलधारी मंडळी गाडी ठेवावयास निघते ती पडदा दिसत नाहीं म्हणून.

ज्यांतून जीव जाऊं शकतो अशा गोष्टींत मात्र आम्ही घाई करणार नाहीं. पहिली ब्रेकच्या तेलाची. हें तेल हवेंतलें पाणी शोषून घेतें. पाणी मुरलेलें तेल घाटांत सारखे ब्रेक दाबल्यानें उकळतें, आणि पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. गाडी चालो वा न चालो, दोन वर्षांनीं तें बदलावें. आम्हीं विचारलेल्या दहा घरांपैकीं आठांत तें एकदांहि बदललेलें नव्हतें.

दुसरी टायरांची. टायरच्या कुशीवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. कमी चाललेल्या गाडींत नक्षी जशीच्या तशी असते, म्हणून घरधनी म्हणतो टायर नवे आहेत. पण रबर किलोमीटर मोजीत नाहीं, तें वर्षें मोजतें. पांच-सहा उन्हाळे आमच्या उन्हांत काढलेला टायर कुशीला बारीक तडकतो, पूर्वरूप तेंच. त्यांत हवा कमी, आंत पांच माणसें, मागें सामान, आणि खालीं तापलेला सिमेंटचा रस्ता. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, त्यानंतर टायर फुटून झालेल्या भीषण अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनीं वाचल्या आहेत. हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतां भरावी. पूर्ण भरलेल्या गाडीस किती पाहिजे तो आंकडा चालकाच्या दारालगत चिकटविलेला असतो. नायट्रोजनसाठीं जादा पैसे मागतात, ते देण्याची निकड आम्हांस वाटत नाहीं. आपल्या साध्या हवेंत तो ७८ टक्के आहेच.

हें सारें पाहणार कोण, हा एकत्र कुटुंबांतला खरा प्रश्न. स्वयंपाकघराची एक मालकीण असते, देवघराचा एक पुजारी असतो, शेताचा एक कारभारी असतो. गाडीच्या किल्ल्या मात्र खुंटीवर असतात आणि ज्याला पाहिजे तो नेतो. जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं. थोरल्याला वाटतें तेल धाकट्यानें पाहिलें असेल. धाकट्याला वाटतें मधल्यानें. होटगी स्टेशनावर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्याकडे जरा निरखून पाहावें. त्याच्या अंगावर मागील मोठी दुरुस्ती केव्हां झाली व पुढील केव्हां करावयाची, याच्या तारखा रंगविलेल्या असतात. डबा कोणा एकाचा नाहीं, हजारों हात त्याला लागतात, म्हणूनच रेल्वेनें तारीख माणसाच्या स्मरणावर न ठेवतां डब्यावर ठेवली. आमच्या घरीं आतां गाडीच्या खणांत एक साधी वही आहे. इंधन किती भरलें, कोठें गेली, तेलाची पट्टी काय म्हणते, टायर कोणत्या वर्षाचे, ब्रेकचें तेल केव्हां बदललें, एवढेंच तींत लिहावयाचें. वही सांभाळण्याचें काम वर्षाच्या पाळीनें. यंदां तें धाकट्या सूनबाईंकडे आहे. मायलेज एकदम दोन किलोमीटरांनीं उतरल्याचें त्यांनींच वहीवरून ताडलें. मागच्या चाकाचा ब्रेक किंचित् अडकून राहत होता. गाडी चालविणाऱ्या पुरुषांपैकीं कोणाच्या तें ध्यानींहि आलें नव्हतें.

आतां बार्शीचा निवाडा. पत्रावरून दिसतें तें असें : गाडी पेट्रोलची, २०१९ ची, ६१ हजार किलोमीटर चाललेली, क्लच एकदां बदललेला, पुढून खडखड, पडदा दोनदां गोठला. धाकट्या बंधूंचा रोष खडखडीवर व पडद्यावर आहे. हे दोन्ही दोष साध्य, आणि अल्प खर्चांत साध्य. थोरल्या बंधूंनीं गाडीच्या बाजूनें जें लिहिलें आहे, कीं टायर अजून मूळचेच असून अगदीं नव्यासारखे दिसतात, तेंच आमच्या दृष्टीनें त्या गाडीविरुद्धचें सर्वांत मोठें कलम आहे. ब्रेकच्या तेलाचा तर पत्रांत उल्लेखच नाहीं.

ठेवावी कीं काढावी हें ठरवितांना तीन गोष्टी पाहाव्या. एक, सांगाड्यास मोठा अपघात वा गंज नसावा. दुसरी, सुटे भाग मिळत असावे. फोर्ड कंपनीनें सप्टेंबर २०२१ मध्यें भारतांत गाड्या बनविणें बंद करण्याचें जाहीर केलें. दुरुस्तीची व भागांची सोय तिनें चालू ठेवली, तरी इकोस्पोर्टवाल्या घरांत तेव्हां चिंता पसरली ती अकारण नव्हती. ज्या गाडीसारख्या दहा गाड्या आपल्या तालुक्यांत फिरतात तिला मिस्त्री आणि भाग दोन्ही मिळतात. बार्शीकरांची गाडी तशी आहे. तिसरी, नव्या गाडीच्या कर्जाचा वर्षाचा हप्ता एका रकान्यांत आणि जुनीचा वर्षाचा सर्व खर्च दुसऱ्यांत लिहून पाहावा. कायद्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं वाढवून मिळते. त्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्यें ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, एवढें ध्यानांत ठेवावें. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांविषयींचा जो नियम लोक सांगतात तो दिल्लीच्या परिसरापुरता निघालेला आहे, महाराष्ट्राचा नव्हे.

तेव्हां गाडी ठेवावी. थोरल्या दोघां बंधूंचें म्हणणें मान्य, कारण मात्र त्यांचें नव्हे. धाकट्या बंधूंस आम्ही एवढी भरपाई देतों कीं वही त्यांच्या हातीं द्यावी आणि तींतील पहिल्या पानावर त्यांनीं चार टायरांचे व स्टेपनीचे आंकडे स्वतः वांकून पाहून उतरून घ्यावे. पत्राच्या शेवटीं आषाढीच्या आधीं मातोश्रींस घेऊन पंढरपुरास जाण्याचा बेत लिहिला आहे. टायर व ब्रेकचें तेल बदललें नसेल, तर त्या दिवशीं एस. टी. नें जावें.